सोनेरी दोरीचा खाऊ

चितोसे नागुमो एके काळी बॅडमिंटनमध्ये जगात सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर होती, हे शिराओ कंपनीच्या प्रशासन विभागात कुणालाच माहीत नव्हतं. ती कुठल्या फेरीत हरली हे मात्र सगळ्यांना बिनचूक कळायचं. ते कळायचं खाऊवरून. परगावी गेलेल्या माणसाने येताना विभागासाठी खाऊचा डबा आणायचा आणि मधल्या मोठ्या टेबलावर उघडून ठेवायचा, हे ताकाओकातल्या कुठल्याही कचेरीत कुणाला शिकवावं लागत नाही. डबा गुरुवारी आला तर नागुमो पहिल्याच फेरीत हरली. शुक्रवारी आला तर दुसऱ्या. आणि सोमवार उजाडला तरी टेबल रिकामंच असेल, तर काहीतरी विपरीत घडून ती जिंकत सुटली असणार, असं समजून लोक आपापल्या घरून बिस्किटं आणत.

"नागुमोसान, या खेपेला जरा लवकर हरता आलं तर बघा हं," विभागातल्या सगळ्यात जुन्या कामाताबाई एकदा अगदी मायेने म्हणाल्या होत्या. "शुक्रवारी तोक्योचे पाहुणे यायचेत, आणि चहाबरोबर ठेवायला काही म्हणजे काही नाही."

चितोसे हरली. कामाताबाईंच्या शब्दाखातर नव्हे, समोरची मुलगी चांगली होती म्हणून. पण कामाताबाईंनी पुढे वर्षभर तो उपकार मानला.

शिराओ कंपनी न्हाणीघरातल्या टबांची झाकणं बनवते. घरातला एक माणूस पाण्यातून उठला की दुसरा उतरेपर्यंत पाणी निवू नये म्हणून वर पसरायची, गुंडाळता येणारी, लांबट पट्ट्यांची झाकणं. झाकणांचा आणि बॅडमिंटनचा संबंध काय, असं चितोसेच्या तेरा वर्षांच्या नोकरीत कुणी विचारलं नव्हतं. जुन्या मालकांना बॅडमिंटन आवडायचं. ते वारले, संघ राहिला. संघात आठ मुली. सकाळी साडेआठ ते बारा त्यांनी कंपनीचे कागद लावायचे, आणि दुपारी जेवण झालं की व्यायामशाळेत जाऊन घाम गाळायचा, याला व्यावसायिक खेळाडू म्हणतात. चितोसे सकाळी पाकिटांवर शिक्के मारायची आणि दुपारी स्मॅश. तिच्या पाठीवर नाव लहान आणि त्याखाली मोठ्या अक्षरात ‘पाणी गरमच!’ असं असायचं. क्वालालंपूरला एका बाईने ते कुणाकडून तरी समजावून घेतलं आणि मग तिला हॉटेलच्या नळाविषयी तक्रार सांगितली.

आता ती एकतिसाची झाली होती. डाव्या गुडघ्याला पट्टी, आणि संघातल्या बाकीच्या मुली अशा वयाच्या की त्यांना जुन्या मालकांचा फक्त फोटो माहीत. एवढ्या वर्षांत तिला एक फटका कधीच साधला नव्हता. पाठ जाळीकडे, शटल डोक्यामागे डाव्या कोपऱ्यात, आणि तिथून बॅकहँडने ते असं अलगद सोडायचं की पलीकडे जाळीला खेटून खाली उतरावं. तेरा वर्षं ते एकतर जाळीत अडकायचं, नाहीतर समोरचीच्या पुढ्यात जाऊन बसायचं. आणि या सप्टेंबरात, एका साध्या मंगळवारच्या सरावात, ते पडलं. पुन्हा मारलं, पुन्हा पडलं. घरी येऊन तिने दूध ओतताना मनगट तसंच वळवून पाहिलं आणि ओटाभर दूध सांडलं. आत्ता कुठे खेळ यायला लागला, असं तिला वाटलं, आणि अजून एक वर्ष तरी हवं, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं.

नेमकं त्यानंतरच ते खाऊचं झालं.

ऑक्टोबरात ती डेन्मार्कहून परतली. विमान उशिरा आलं. तोक्योच्या स्टेशनातल्या तिच्या नेहमीच्या दुकानातला नेहमीचा डबा, एकाच कागदात चोवीस बिस्किटं, संपला होता. उरला होता तो पापुद्र्यापापुद्र्यांचा केक. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात, वर सोनेरी दोरी. गाडीला चार मिनिटं होती. तिने तो घेतला. कचेरीत आली तर मोठ्या टेबलावर झेरॉक्सचं यंत्र उघडून ठेवलेलं, सगळी आतडी बाहेर. मग तिने तो केक एकेकाच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि प्रत्येकापुढे वाकून नेहमीचं वाक्य म्हटलं, "नेहमी सांभाळून घेता, आभारी आहे."

आता शिराओ कंपनीत एकेकाच्या टेबलावर, वेगळ्या कागदातला, सोनेरी दोरीचा खाऊ कोण ठेवतं? कंपनी सोडून जाणारा माणूस. मागच्या वर्षी गोदामातल्या त्सुकादांनी ठेवला होता, अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर. कामाताबाईंनी केक पर्समध्ये घातला. "असला खाऊ उभ्याउभ्या खायचा नसतो," त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या आणि डोळ्यांना रुमाल लावला.

"तुम्ही सोडताय का?" असं कुणी विचारलं नाही. विचारायचं कसं? माणसाने एवढ्या नजाकतीने सांगितल्यावर पुन्हा तोंडाने वदवून घ्यायचं म्हणजे खपलीवर नख लावण्यासारखं.

सर्वांत जास्त काळजी घेतली ती विभागप्रमुख मुरोई साहेबांनी. दर नोव्हेंबरात ते खेळाडूंच्या ट्रेमध्ये एक फॉर्म ठेवत. पुढच्या वर्षी खेळायची इच्छा आहे किंवा नाही, यावर खूण करायची. त्यावरून यादी होई, आणि जानेवारीत कचेरी उघडली की ती मालकांच्या टेबलावर जाई. या वर्षी मुरोई साहेबांनी सात फॉर्म ठेवले. जाणाऱ्या माणसाच्या हाताने स्वतःच्या नावापुढे ‘नाही’ची खूण करवून घेणं त्यांच्या मनाला पटेना.

चितोसे रोज सकाळी ट्रे बघे. शिक्क्यांची शाई असे, रबर असे, फॉर्म नसे. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, राहिला असेल. दुसऱ्या आठवड्यात मुरोई साहेब तिला स्वतःच्या हाताने चहा देऊन गेले. साहेब चहा देतात तेव्हा काहीतरी काढून घेतलेलं असतं.

तिने हिमी गावी आईला फोन केला. आईचं तिथे केस कापायचं छोटं दुकान आहे, आणि ती कात्री न थांबवता बोलते.

"आई, फॉर्म आला नाही."

"मग विचार."

"म्हणजे साहेबांना तोंडावर ‘नाही’ म्हणायला लावू? तू विचारलं असतंस?"

"मी? छे! मी तुझ्या बाबांनी लग्नाचं काढावं म्हणून सहा वर्षं थांबले. शेवटी त्यांच्या आईने येऊन विचारलं. तोवर कापायला त्यांच्या डोक्यावर केस उरले नव्हते."

"मग मी काय करू?"

"जेवलीस का?" आई म्हणाली, आणि पलीकडे कात्री जोरात वाजायला लागली.

तर असं झालं. कंपनीला वाटलं ही सोडतेय, हिला वाटलं कंपनी काढतेय, आणि दोन्ही बाजू एकमेकींचं मन जपत डिसेंबरपर्यंत आल्या. प्रशिक्षक दोबाशी सर सुद्धा. सरावानंतर ते म्हणत, "तो बॅकहँड छान पडतोय. असाच पुढच्या…" आणि ‘पुढच्या’वर गिळून टाकत नि शटल वेचायला लागत. साठीचा माणूस एवढी शटलं वेचताना कुणी पाहिला नव्हता.

वर्षअखेरची राष्ट्रीय स्पर्धा तोक्योत मंगळवारी सुरू व्हायची होती. मुरोई साहेबांनी ड्रॉ बघितला. नागुमोसमोर पहिल्याच फेरीत पाचवं मानांकन. त्यांनी निःश्वास सोडला आणि मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला तिथल्याच खेकड्यांच्या हॉटेलात वीस माणसांचं निरोपाचं जेवण सांगून टाकलं. फुलांचा गुच्छ झाला. ‘तेरा वर्षं, मनःपूर्वक आभार’ असं कापडी फलकावर लिहून झालं. आणि भेट म्हणून कंपनीचं सगळ्यात भारी झाकण, त्याच्या एकेका पट्टीवर एकेकाचा निरोप. ‘आता निवांत बसा.’ ‘गुडघ्याला शेक द्या.’ ‘तुमचा खाऊ आठवेल.’ ते गुंडाळून, खांद्यावर टाकून, मुरोई साहेब आणि कामाताबाई तोक्योला पोचले.

मंगळवारी चितोसे जिंकली.

कशी, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. सगळं संपलंच आहे तर तो फटका तरी मनसोक्त मारून घेऊ, असं म्हणून ती खेळली, आणि पाचव्या मानांकनाची मुलगी सारखी जाळीकडे धावत येऊन खाली बघत राहिली. प्रेक्षकांत मुरोई साहेबांनी दोन्ही हात वर करून जयजयकार केला आणि मग एका हाताने फोन लावला.

"हो, शिराओ कंपनीतून बोलतोय. आज जमत नाहीये… नाही नाही, कुणी आजारी नाही. त्या जिंकल्या… हो ना, आमचीही अपेक्षा नव्हती. उद्या नक्की."

बुधवारीही ती जिंकली.

"साहेब, फुलं कुठे ठेवलीत?" कामाताबाईंनी विचारलं.

"खोलीतल्या टबमध्ये. पाय पाण्यात, डोकी बाहेर, तुम्ही सांगितलंत तशी."

"मग तुमची अंघोळ?"

"दोन दिवस नाही."

"अहो, मग झाकण आहे की जवळ. फुलं बाजूला काढा, पाणी तापवा…"

"त्याच्यावर मालकांची सही आहे, कामातासान!"

मुरोई साहेबांची अवस्था कठीण होती. कंपनीचा प्रतिनिधी म्हणून त्यांना ओरडून प्रोत्साहन द्यावं लागे, आणि समारंभाचे आयोजक म्हणून घड्याळ बघावं लागे. एकाच वेळी दोन्ही करणारा माणूस लांबून फार भावनाप्रधान दिसतो. टीव्हीवाल्यांनी त्यांना दोनदा दाखवलं.

गुरुवारी उपांत्यपूर्व फेरीत समोर आली ती तिच्याच संघातली तोगाशी. एकोणीस वर्षांची, संघात सगळ्यात जोरात मारणारी, आणि चितोसेची बूट ठेवायची फळी न सांगता पुसून ठेवणारी. दोघी एकाच कंपनीच्या, म्हणून दोबाशी सर कुणाच्याच मागे न बसता वर मुरोई साहेबांशेजारी जाऊन बसले.

पहिला गेम चितोसेने एकवीस-सहा असा घेतला, आणि घेता घेता तिला कसंतरी व्हायला लागलं. शटल उंच, कोर्टाच्या मधोमध, कुणीही डोळे मिटून मारावं असं. आणि तोगाशी ते ताटात वाढावं तसं हळूच तिच्या रॅकेटवर आणून ठेवत होती. गेम संपला. दोघी पाणी प्यायला कडेला आल्या. तोगाशीने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं.

"तोगाशी, काय चाललंय तुझं?"

"मला जमत नाहीये, नागुमोसान. तुमची शेवटची स्पर्धा, आणि मी तुमच्यावर स्मॅश मारू?"

चितोसेला वाटलं, म्हणजे कंपनीने हिलाही सांगितलं. फक्त मला नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच." टॉवेलमधून लाल नाक बाहेर आलं. "तुम्ही सोनेरी दोरीचा केक वाटलात ना, एकेकाच्या टेबलावर? कामाताबाईंनी सांगितलं. आम्ही सगळ्या रडलो. का सोडताय हो तुम्ही?"

"मी? मी सोडतेय?"

आणि मग चितोसेला ते सगळं एका ओळीत दिसलं. संपलेला डबा, यंत्राची आतडी, पर्समध्ये गेलेला केक, न आलेला फॉर्म, साहेबांचा चहा. तिला मोठ्याने हसायला येत होतं, पण पंच वरून बघत होते.

"वीस सेकंद," पंच म्हणाले.

वीस सेकंद थोडी नसतात. तेवढ्यात तिला हेही कळून चुकलं की आपण गप्प राहिलो तर ही पोर असंच ताटात वाढत राहील, आणि उद्या आपण उपांत्य फेरीत. उपांत्य फेरीत खेळलेल्या बाईचं नाव यादीतून काढायची हिंमत कुठली कंपनी करेल? न विचारता, न सांगता, कुणाचंही मन न दुखवता सगळं जागच्या जागी बसेल. आणि बोललो, तर समोर तोगाशीचा स्मॅश आहे आणि आपला गुडघा.

पण तो बॅकहँड. तो काय अशा मुलीवर मारायला शिकली होती ती, जी शटल पडेपर्यंत अदबीने उभी राहते?

"मी कुठेही चालले नाहीये," ती म्हणाली. "दुकानातला डबा संपला होता, म्हणून तो केक आणला. आता नीट मार. नाहीतर पुढच्या वर्षी रोज सरावाला तुला माझ्यासमोर उभी करीन."

"खरंच?"

"मार म्हटलं ना."

तोगाशीने मारलं. पहिलाच स्मॅश चितोसेच्या खांद्यावर बसला. "माफ करा!" ती ओरडली, आणि पुढचा पोटावर मारला. नंतर माफी मागायचंही विसरली. दुसरा गेम सतरा-एकवीस असा गेला. तिसऱ्यात चितोसेने तो फटका सात वेळा मारला. पाच वेळा तोगाशी धावत येऊन जमिनीला टेकली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकोणीस-वीसवर चितोसेने तो आठव्यांदा मारला. शटल जाळीच्या पट्टीवर बसलं, क्षणभर कुठे जावं याचा विचार केल्यासारखं थांबलं, आणि अलीकडे, तिच्याच बाजूला पडलं.

मुरोई साहेब गुच्छ, फलक आणि झाकण घेऊन पायऱ्या उतरले. इतकं सामान असूनही त्यांचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला होता. मागोमाग कामाताबाई आणि दोबाशी सर. कपडे बदलायच्या खोलीबाहेर त्यांनी चितोसेला गाठलं आणि खाकरले.

"तेरा वर्षं शिराओ कंपनीचं नाव…"

"साहेब, मी सोडत नाहीये."

"…देशोदेशी… काय?"

"मला अजून खेळायचंय."

मुरोई साहेबांनी गुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पण मग तो केक?"

"नेहमीचा डबा संपला होता."

"पण एकेकाच्या टेबलावर ठेवलात!"

"मोठ्या टेबलावर झेरॉक्स उघडून ठेवलं होतं."

"हो की," कामाताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मीच माणूस बोलावला होता." आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"मग तुम्ही फॉर्म का नाही मागितलात?" मुरोई साहेबांचा आवाज चिरकला.

"तुम्ही का नाही दिलात?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणूनच मी मागितला नाही."

दोघंही सवयीने एकमेकांपुढे वाकले. दोबाशी सरांनी डोकं खाजवलं. "मी विचारलं असतं तर चाललं असतं का?"

"हो!" तिघंही म्हणाली.

मुरोई साहेब भिंतीपाशी जाऊन टेकले. यादी तयार होती, सात नावांची. मालकांना तोंडी कल्पना देऊन झाली होती, आणि मालक खूश होते, कारण नागुमोचं टेबल काढलं की नवं झेरॉक्स बसणार होतं. "आता तुमची निवृत्ती रद्द करायची म्हणजे अर्ज हवा," ते पुटपुटले. "तसा अर्ज आहे आपल्याकडे. पण त्याला मूळ निवृत्तीचा अर्ज जोडावा लागतो."

"तो मी दिलेलाच नाही."

"मग तो आधी देऊन टाका, म्हणजे मग—"

"मुरोईसान!" दोबाशी सर ओरडले.

मुरोई साहेब थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं. "दिलेलाच नाही. म्हणजे कागदोपत्री तुम्ही कधी सोडलंच नाहीत." कागदावर नसलेली गोष्ट घडलेली नसते, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा, ती अशी वेळेला धावून आली. मग चेहरा पुन्हा पडला. "मालकांना मात्र सांगावं लागेल की मी चुकलो." हे वाक्य त्यांनी पंचवीस वर्षांत वापरलं नव्हतं. ते त्यांनी तिथल्या तिथे दोनदा हळू म्हणून पाहिलं. "सांगतो. पण एक करा, नागुमोसान. हा गुच्छ घ्या. तीन दिवस मी याच्यामुळे अंघोळ केलेली नाही."

तिने घेतला. अर्ध्या पाकळ्या वाटेतच गळल्या होत्या.

खेकडे संध्याकाळी खाल्ले गेलेच, कारण हॉटेलवाला आता चौथा दिवस ऐकून घ्यायला तयार नव्हता. फलक उलटा करून मुरोई साहेबांनी मागच्या बाजूला ‘वर्षअखेरचं स्नेहभोजन’ असं लिहिलं. उजेड पडला की त्यातून ‘मनःपूर्वक आभार’ दिसायचं, पण तिकडे पाहायचं नाही, हे सगळ्यांना न सांगता समजलं. तोगाशी चितोसेला खेकड्याच्या नांग्या फोडून देत होती आणि खांद्याकडे बघून पुन्हा पुन्हा माफी मागत होती.

"झाकणाचं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"गोदामात ठेवू," कामाताबाई म्हणाल्या. "कधीतरी लागेलच की. पण नागुमोसान, एक सांगून ठेवते. तेव्हा फुलं मिळायची नाहीत. फुलं एकदाच."

जानेवारीत कचेरी उघडली त्या दिवशी मुरोई साहेब मालकांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा कान लाल होते. त्यांनी कुणाकडे न बघता चितोसेच्या ट्रेमध्ये फॉर्म ठेवला. तिने ‘इच्छा आहे’वर खूण केली, आणि शिक्का इतका दाबून मारला की तो खालच्या तीन पाकिटांवर उमटला. दुपारी मालकांकडे यादी गेली. आठ नावांची. नवं झेरॉक्स जिन्याखाली बसवलं.

त्याच महिन्यात ती क्वालालंपूरला गेली आणि गुरुवारी सकाळी कामावर हजर झाली. हातात डबा. विभागातल्या सगळ्या माना एकदम वर आल्या आणि कुणाचाच हात हलेना. तिने डबा मोठ्या टेबलावर ठेवला आणि उघडला. एकाच कागदात चोवीस बिस्किटं, दोरी नाही, काही नाही. मुरोई साहेबांनी उठून, वाकून, आत नीट बघितलं आणि मग एक उचललं.

कामाताबाई चहा घेऊन आल्या. "पहिल्याच फेरीत का?"

"हो."

"तो फटका?"

"चार वेळा पडला. पाचव्यांदा नाही."

"बरं झालं बाई," कामाताबाई बिस्कीट मोडत म्हणाल्या. "आज चहाबरोबर काहीच नव्हतं."